मोठ्या जनावरासाठी एकच रायफल: .३७५ एच अँड एच

आफ्रिकेत मोठ्या जनावरासाठी कोणतं कॅलिबर (नळीचा व्यास आणि त्यात बसणारं काडतूस) घ्यावं, असं मला जोहान्सबर्ग-प्रिटोरियात स्थायिक झालेले आपले लोक विचारतात, आणि सफारीचा बेत आखणारे पुण्याकडचे मित्रही विचारतात. एकच रायफल घ्यायची असेल तर .३७५ एच अँड एच मॅग्नम, हे माझं ठाम मत आहे. मी रुस्टेनबर्गला प्लॅटिनमच्या खाणीत मेकॅनिकल इंजिनिअर आहे. माझी रायफल सीझेड ५५० सफारी मॅग्नम. कुडू आणि इलंड ही मोठी हरणं आणि केप बफेलो हा रानरेडा, तिन्ही मी हिनेच मारले आहेत.

हे काडतूस लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडने १९१२ मध्ये काढलं. ३०० ग्रेनची, म्हणजे जवळपास साडेएकोणीस ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे २,५०० फूट वेगाने सुटते आणि नळीच्या तोंडाशी ५,६०० ज्यूलच्या वर ऊर्जा देते. पुंगळी लांब आणि निमुळती असल्यामुळे ती चेंबरमध्ये सहज सरकते आणि भर उन्हात तापलेल्या रायफलीतूनही सहज बाहेर येते. समोर रेडा उभा असताना दुसरी गोळी अडकून चालत नाही, म्हणून मला या निमुळतेपणाचं मोल फार वाटतं.

ज्यूलचा आकडा नुसता कागदावरचा नाही. नामिबियात कायद्यानेच किमान ऊर्जा ठरवून दिली आहे: स्प्रिंगबॉकसाठी १,३५० ज्यूल, कुडू, ओरिक्स आणि इलंडसाठी २,७००, बफेलो आणि हत्तीसाठी ५,४००. .३७५ या शेवटच्या अटीत बसते. माझं आवडतं ९.३ बाय ६२ मात्र बसत नाही. बर्लिनच्या ओटो बॉकने १९०५ मध्ये आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतींसाठी हे काडतूस काढलं, माउझर ९८ या साध्या जर्मन बोल्ट रायफलीत बसेल असं. २८६ ग्रेनची गोळी, धक्का सौम्य, इलंडला उत्तम. पण नेहमीच्या कारखानी काडतुसांत ते ४,८०० ज्यूलच्या आसपासच थांबतं. इतरही बऱ्याच देशांत धोकादायक जनावरांसाठी .३७५ हीच खालची मर्यादा आहे.

मग त्याहून मोठं का नको? .४१६ रिग्बी १९११ ची आहे. ४०० ग्रेनची गोळी, ६,५०० ज्यूलच्या वर ऊर्जा, आणि बफेलोवर तिचा परिणाम .३७५ पेक्षा जास्त दिसतो हे मी नाकारत नाही. पण .३७५ चा खांद्याला बसणारा धक्काच .३०-०६ या नेहमीच्या शिकारी काडतुसाच्या जवळपास दुप्पट असतो, त्याहून जड .४५८ लॉटचा तर .३०-०६ च्या तिपटीहून जास्त. रेंजवर मी धडधाकट माणसं पाहिली आहेत जी .४५८ चा चाप ओढण्याआधीच डोळे मिटतात. ती गोळी छातीऐवजी पोटात जाते, आणि पोटात गोळी लागलेला रेडा दाट झुडपात शिरला की त्याच्या मागावर सगळ्यांत पुढे जातो तो ट्रॅकर, म्हणजे माग काढणारा. त्याच्या हातात बहुधा बंदूकही नसते. जनावराचे हाल होतात ते वेगळेच. म्हणून मी प्रत्येकाला सांगतो: जे कॅलिबर तुम्ही न दचकता चालवू शकता, तेच तुमचं.

उलट टोकाचे लोक बेलचं नाव घेतात. डब्ल्यू. डी. एम. बेल या जुन्या काळच्या हत्तीच्या शिकाऱ्याने ७ बाय ५७ सारख्या बारीक काडतुसाने शेकडो हत्ती मारले, हे खरं आहे. पण त्याला हत्तीच्या कवटीची रचना पाठ होती, आणि नीट संधी मिळेपर्यंत थांबायला त्याच्याकडे महिनेच्या महिने होते. सात दिवसांच्या सफारीवर आलेल्या माणसाने त्याचा दाखला देऊ नये.

कॅलिबरइतकाच विचार गोळीचा करा. बफेलोला पहिली गोळी मी लागल्यावर फुलणारीच वापरतो, पण घट्ट बांधणीची: स्विफ्ट ए-फ्रेम किंवा तांब्याची बार्न्स टीएसएक्स. सॉलिड गोळी फुलत नाही, खूप खोल जाते आणि कळपात आरपार जाऊन मागच्या गाईलाही लागू शकते. म्हणून सॉलिड गोळ्या मॅगझीनमध्ये खाली, जखमी रेडा पळू लागला तर पाठून मारायला.

नामिबियात झांबेझी प्रदेशातल्या मोपानेच्या रानात माझा रेडा साठेक मीटरवर आडवा उभा होता. आमचे पीएच (प्रोफेशनल हंटर, सोबतचे व्यावसायिक शिकारी) वयाने मोठे, त्यांना मी इथल्या रीतीने ‘ऊम’, म्हणजे काका, म्हणतो. ते कानाशी म्हणाले, “पुढच्या पायाच्या रेषेत, छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात.” तिकाटण्यावरून, म्हणजे तीन काठ्यांच्या आधारावरून, पहिली गोळी तिथेच बसली. तरी त्यांनी लगेच दुसरी मारायला लावली, आणि तो चाळीस पावलांत पडला. मांस गावात वाटलं गेलं.

आता रायफलीबद्दल. माउझर पद्धतीचा बोल्ट, पुंगळीला सुरुवातीपासून धरून ठेवणारा रुंद पंजा, मॅगझीनमध्ये पाच काडतुसं, ६३५ मिलिमीटरची नळी, उघडी साइट. स्कोप बसवायचे आधार रिसीव्हरमध्येच कोरलेले आहेत. स्कोप एक ते सहा पटीचा पुरे, फक्त डोळ्यापासून चांगलं अंतर राखणारा हवा. वजन चार किलोच्या वर जातं. दिवसभर खांद्यावर ते जाणवतं, पण धक्का तेच वजन शोषून घेतं, त्यामुळे मला ते कमी नको आहे. २७० ग्रेनच्या गोळीने हीच रायफल कुडूसाठी .३०-०६ सारखी लांब मारा करते.

५५० चं उत्पादन आता थांबलं आहे, त्यामुळे ती वापरलेलीच मिळेल. जड कॅलिबरची कुठलीही जुनी रायफल घेताना दस्ता काढून बघा. रिकॉइल लगच्या (धक्का दस्त्यावर झेलणाऱ्या धातूच्या खुंटीच्या) मागे केसासारखी चीर दिसली तर दस्ता बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करा. बोल्ट जोरात आणि हळू, दोन्ही प्रकारे मागेपुढे करून काडतूस नीट सरकतं का ते तपासा. दक्षिण आफ्रिकेत परवान्यासाठी नागरिकत्व किंवा कायमचा रहिवास लागतो. आधी प्रशिक्षण आणि कॉम्पिटन्सी सर्टिफिकेट, मग प्रत्येक बंदुकीचा वेगळा अर्ज. घरात तिजोरीही हवी. कागदपत्रांना वेळ लागतो, म्हणून सफारीची तारीख परवाना हातात आल्यावरच ठरवा, आणि मधल्या काळात क्लबच्या .२२ या हलक्या रायफलीवर तिकाटण्यावरून उभ्याने नेम धरायचा सराव सुरू करा.