पीडीएफ दिसली म्हणून उघडली

मी अमळनेरची. मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. गावात बसून प्रकाशकांना आपण कसे दिसणार? म्हणून चार वर्षं इंस्टाग्रामवर नेमाने चित्रं टाकत आले. त्यातली कानबाईची मालिका चालली. सजवलेलं नारळ, त्याला डोळे, नथ, पुढ्यात रोट. खानदेशाबाहेरच्यांनी ‘ही कोणती देवी’ असं विचारलं आणि फॉलोअर अकरा हजारांवर गेले.

मार्चमध्ये एका गेम कंपनीच्या नावाने मेसेज आला. भारतीय सणांवर गेम करतोय, तुमची शैली हवी. तिसऱ्या चित्रातली नथ आवडली म्हणे. नेमकं तेच चित्र मी दोन रात्री जागून केलेलं, त्यामुळे मी तिथेच विरघळले. एका पात्राचे बारा हजार. माझा नेहमीचा दर अडीच. आमच्याकडे अडीच सांगितले की समोरचा दीडपासून सुरू करतो, आणि हा माणूस घासाघीसच करेना! तिथेच थबकायला हवं होतं. मी मात्र आईला फोन केला.

ईमेलवर लिंक आली, झिप फाइल, तिला पासवर्ड. ‘गोपनीय काम आहे’ हे कारण मला पटलं. पासवर्ड असला की ईमेलच्या तपासणीला फाइलच्या आत डोकावता येत नाही, हे नंतर कळलं. आत चार नमुना चित्रं आणि एक लाल पीडीएफचं चिन्ह. दोनदा क्लिक केलं, काहीच उघडलं नाही. त्याला तसं कळवलं, तर म्हणाला, दुसऱ्या कॉम्प्युटरवर बघा. मग मी ती फाइल भावाच्या लॅपटॉपवरही उघडली. हे लिहिताना अजून लाज वाटते.

ती पीडीएफ नव्हतीच. नावाच्या शेवटी ‘.एससीआर’ होतं, म्हणजे स्क्रीनसेव्हर, म्हणजे चालू होणारा प्रोग्राम. विंडोज ही शेवटची अक्षरं मुळातच लपवून ठेवतं. फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये जाऊन ती दाखवायला सांगावं लागतं. आजच सांगा. शिवाय फाइल सातशे एमबीची होती, आणि दोन पानी माहितीला एवढी जागा कशाला लागते, हा प्रश्न मला पडला नाही. अशी फाइल मुद्दाम फुगवतात, कारण फार मोठ्या फाइल काही अँटीव्हायरस तपासतच नाहीत.

या प्रोग्रामने ब्राउझरमधलं चालू लॉगिनच उचललं. त्यामुळे ओटीपी विचारलाच गेला नाही, आणि दुहेरी पडताळणी चालू असूनही इंस्टाग्रामचं खातं गेलं. मी त्याच कॉम्प्युटरवरून ईमेलचा पासवर्ड बदलला, तर तासाभरात तोही गेला. फोनवरून बदलायला हवा होता, सगळीकडून लॉग आउट करून. मग विंडोज पुसून नव्याने टाकलं.

दुपारी आत्याचा फोन. ‘काय व्हयनं बेटा?’ माझ्या खात्यावरून तिला ‘दवाखान्यात आहे, पैसे पाठव’ असा मेसेज गेला होता आणि तिने सकाळीच चार हजार पाठवलेही होते. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच कळवलं तर पैसे पुढे जाण्याआधी अडवता येऊ शकतात. आम्ही कळवलं तोवर ते पुढे गेले होते. सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इनवर तक्रार केली, पावती ठेवली.

खातं परत मिळवताना आणखी एक गंमत. प्रोफाइलवर स्वतःचे फोटो असतील तर इंस्टाग्राम चेहऱ्याचा व्हिडिओ मागतं. माझ्या खात्यावर चेहरा एकच, कानबाईचा. मग नोंदणीचा ईमेल, फोन आणि खातं कोणत्या उपकरणावरून उघडलं होतं, ते सांगावं लागलं. तीन आठवड्यांनी खातं परत आलं, निम्मी चित्रं उडालेली. मूळ फाइल पेनड्राइव्हवर होत्या, म्हणून वाचले.

आता कोणी झिप पाठवली की मी लिहिते, ‘मजकूर ईमेलमध्येच चिकटवा.’ दोघे त्यानंतर गप्प झाले. नाशिकच्या एका प्रकाशकाने पाच मिनिटांत चिकटवला, अडीच हजारांवर घासाघीसही केली. काम घेतलं.

आत्या पैसे परत घेत नाही. भाऊ लॅपटॉप देत नाही.