वेळासचा कासव महोत्सव: पिल्लांआधी वाळू बघा

आधी निकाल सांगते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात, ते बघायला जरूर जा, पण एजन्सीच्या बसने जाऊ नका.

मार्चमध्ये आम्ही चौघं गेलो: मी, नवरा, आठवीतली लेक आणि सासूबाई. पुण्याहून ताम्हिणी, माणगाव, म्हाप्रळ, मंडणगड असा रस्ता. एजन्सीचं नाव लिहीत नाही. बस तीन तास उशिरा पोचली आणि संध्याकाळी पिल्लं सोडतात ते हुकलं. त्याहून जास्त राग आला तो बसमध्ये वाटलेल्या कागदाचा. त्यावर छापलं होतं, 'गरम वाळूत नर, थंड वाळूत मादी.' बरोबर उलटं! मी बारावीला जीवशास्त्र शिकवते. मुलांच्या हाती जाणारा कागद कुणीतरी तपासायला नको का?

मुक्काम गावातल्याच एका घरी होता. शेणाने सारवलेलं अंगण, मागे सुपारीची वाडी, जेवायला तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, सोलकढी. सासूबाईंचे गुडघे दुखतात हे कळल्यावर काकूंनी न सांगता खालची खोली दिली. राहण्या-जेवणाला पैकीच्या पैकी.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता किनाऱ्यावर टोपली उचलली. तळहाताएवढीही नसलेली राखाडी पिल्लं क्षणभर थबकली आणि पाण्याकडे निघाली. लेक रडली, मीही.

गर्दी पांगली तरी आम्ही हॅचरीच्या, म्हणजे अंडी जपून ठेवतात त्या जागेच्या, कुंपणाशी थांबलो. तिथले कासवमित्र पहाटे मादीचा माग काढतात, अंडी न फिरवता उचलतात आणि इथे तेवढ्याच खोलीच्या, मडक्याच्या आकाराच्या खड्ड्यात ठेवतात. लेकीने विचारलं, "यात नर किती, मादी किती?" त्यांच्यातले एक दादा म्हणाले, "बाहेरून बघून कळत नाही. ते वाळूच्या उष्णतेवर ठरतं. डिसेंबरातलं घरटं आणि मार्चातलं घरटं सारखं नसतं, ताई."

आपण एक्स आणि वाय शिकतो, शिकवतो. वेळासला येणाऱ्या ऑलिव्ह रिडले कासवाला लिंग ठरवणारी गुणसूत्रंच नाहीत. साधारण पन्नास दिवस अंडं वाळूत असतं, त्यातल्या मधल्या काळातली उष्णता ठरवते. वाळू गार असेल तर नर, तापलेली असेल तर मादी.

हे पेशीच्या आत घडतं कसं, याचा सगळ्यात स्पष्ट उलगडा झाला तो मत्स्यालयाच्या दुकानात मिळणाऱ्या लाल कानपट्टीच्या स्लायडर कासवात. त्याची अंडी २६ अंशांना उबवली तर नर, ३२ अंशांना मादी. डीएनए प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो, आणि त्या रिळांवरच्या काही रासायनिक खुणा जनुक बंद ठेवतात. गार अंड्यात केडीएम६बी नावाचं विकर (एन्झाइम) डीएमआरटी१ या जनुकाजवळच्या या खुणा पुसतं. जनुक जागं होतं आणि वृषण तयार होऊ लागतं. २०१८ साली शास्त्रज्ञांनी हे विकर दाबून ठेवलं, तर २६ अंशांतल्या बहुतेक भ्रूणांत अंडाशय बनू लागले. २०२० मध्ये पुढचा दुवा सापडला: उष्णतेने स्टॅट३ हे प्रथिन सक्रिय होतं आणि ते केडीएम६बीचं जनुकच दडपतं. डीएनएतलं एक अक्षरही बदलत नाही! कुंपणाशी उभं राहून लेकीला हे सांगताना मला जे वाटलं, ते फळ्यासमोर कधी वाटलं नव्हतं.

म्हणूनच काळजीही वाटते. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागात जन्मलेल्या हिरव्या कासवांच्या अल्पवयीन पिढीत ९९ टक्क्यांहून अधिक माद्या आढळल्या. किनारे तापत गेले तर नर येणार कुठून?

वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावाला बरोबर घेऊन हे काम उभं केलं. पूर्वी ही अंडी खाण्यासाठी जायची. आज गावातलीच मुलं रात्री-पहाटे किनारा राखतात. त्यांच्यासाठी म्हणून तरी जा.

दोन सूचना. पिल्लं दिसतीलच याची खात्री कुणी देऊ शकत नाही, त्यामुळे दोन रात्रींचा मुक्काम ठेवा. आणि घरमालकांना थेट फोन करून खोली घ्या. आम्ही काकूंकडे एप्रिलचं सांगून ठेवलंय. तेव्हा दुपारी त्या वाळूवर अनवाणी उभं राहवत नाही म्हणतात. ती मला लेकीला दाखवायची आहे.