अंधेरीची फेरी की घरचा माईक? ठाणे-नवी मुंबईतल्या सेशन गिटारिस्टसाठी

घरी रेकॉर्डिंगचा सेटअप लावावा की अंधेरीच्या स्टुडिओंत जाऊन वाजवावं, असं ठाण्यातली आणि वाशी-नेरूळची सेशन गिटारिस्ट, म्हणजे दुसऱ्यांच्या गाण्यांत फी घेऊन वाजवणारी मुलं विचारतात, तेव्हा मी उलट विचारतो: तुला बोलावतात कशासाठी, इलेक्ट्रिकसाठी की अकूस्टिकसाठी? या दोन वाद्यांची उत्तरं वेगळी आहेत. मी बरीच वर्षं ठाण्याहून अंधेरीला गिटार पाठीवर मारून गेलो आणि आता बहुतेक काम घरून करतो. तरी सगळं घरी आणलेलं नाही, आणि आणणारही नाही.

इलेक्ट्रिकच्या बाबतीत घर सरळ जिंकतं. केबल थेट इंटरफेसमध्ये, म्हणजे गिटार कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डबीत जाते, अ‍ॅम्पचा आवाज सॉफ्टवेअरमधला प्लगइन किंवा मॉडेलर देतो, खोलीचा काही संबंधच येत नाही. खाली ढोल-ताशाचा सराव चालू असला तरी ट्रॅकमध्ये त्यातलं काही उतरत नाही. ४८ किलोहर्ट्झला ६४ सॅम्पलचा बफर (कॉम्प्युटर एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) ठेवला तर त्याचा उशीर दीड मिलिसेकंदाहूनही कमी असतो. इंटरफेसचा स्वतःचा उशीर त्यात धरला तरी चांगल्या मशीनवर हाताला काही जाणवत नाही. शिवाय मी दोन फायली पाठवतो, एक आवाज लावलेली आणि एक कोरी डीआय, म्हणजे अ‍ॅम्पचा आवाज न लावलेला थेट सिग्नल. प्रोग्रामरला, म्हणजे कॉम्प्युटरवर गाण्याचे ट्रॅक बांधणाऱ्याला, माझा टोन पटला नाही तर तो डीआयवर स्वतःचा अ‍ॅम्प लावतो, मला पुन्हा वाजवावं लागत नाही. डीआय न घेता अ‍ॅम्पसमोर माईक लावून घेतलेल्या टेकमध्ये ही सोय नसते.

घरी इलेक्ट्रिकला एकच खरा शत्रू आहे, तो म्हणजे ५० हर्ट्झची घुरघुर. पिकअप, म्हणजे तारांची थरथर पकडणारा गिटारवरचा भाग, सिंगल कॉइल (एकाच गुंडाळीचा) असेल तर ती हमखास येते. नौपाड्यातल्या जुन्या इमारतीत राहत होतो तेव्हा तारांवरून हात उचलला की ती वाढायची. मी केबली बदलल्या, गिटार दुरुस्तीला दिली, आणि शेवटी इलेक्ट्रिशियनने बोर्ड उघडला तर तिसऱ्या पिनला अर्थिंगच जोडलेलं नव्हतं. म्हणून इंटरफेसवर पैसे घालण्याआधी अर्थिंग तपासून घ्या. त्यानंतरही थोडी घुरघुर उरली तर डिमर आणि स्वस्तातले एलईडी दिवे बंद करा, खुर्ची थोडी फिरवून बसा. पिकअपची दिशा बदलली की फरक पडतो.

अकूस्टिकची गोष्ट वेगळी, कारण तिथे माईक लागतो आणि माईक खोलीही ऐकतो, आणि मला सगळ्यात जास्त तिच्याबद्दलच सांगायचं आहे.

आपल्याकडच्या फ्लॅटमधली मुलांची खोली बहुतेक वेळा दहा बाय दहाची असते. दहा फुटांच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये साधारण ५६ हर्ट्झची लहर उभी राहते आणि तिची दुप्पट ११२ हर्ट्झची. गिटारची मोकळी ए तार ११० हर्ट्झची असते. म्हणजे ए तार छेडली की खोलीच तिच्याबरोबर गुणगुणायला लागते. लांबी-रुंदी सारखी असल्यामुळे हा प्रकार दोन्ही बाजूंनी होतो. त्यात आपण खुर्ची बरोबर मध्यभागी मांडतो, जिथे ही ११२ची लहर सर्वांत जोरात असते. माईक लगतच्या दोन भिंतींपासून अडीच-अडीच फुटांच्या आसपास आणलात, म्हणजे खोलीच्या चौथाईवर, तर ए तार एकदम शुद्धीवर येते. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. कित्येक महिने मी ईक्यूने (आवाजातले खालचे-वरचे पट्टे कमी-जास्त करणाऱ्या साधनाने) ए तारेचा आवाज कापत बसलो होतो आणि गिटारचा जीवच काढून घेत होतो.

एक इंची फोमने हे सुटत नाही, तो फक्त वरचा चुरचुरीतपणा खातो. चार इंच जाडीचे रॉकवूलचे पॅनल कोपऱ्यांत आणि पहिल्या परावर्तनाच्या जागी, म्हणजे आवाज भिंतीवर आधी आपटून परततो तिथे, लावले तर खालच्या आवाजात निदान थोडा फरक कळतो. अंड्यांचे ट्रे लावून शेजाऱ्यांचा आवाज थांबतो हा समज सोडून द्या. आवाज अडवायला वजन लागतं आणि फटी हवाबंद कराव्या लागतात. भाड्याच्या घरात ते जमत नाही.

मग पावसाळा. लाकडी अकूस्टिकला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. जुलैत ठाण्याच्या हवेत ती ८०च्या वर जाते, वरची फळी फुगते, तारा फ्रेटपासून उचलल्या जातात आणि वरच्या फ्रेटवर स्वर चढा लागतो. स्टुडिओत एसी सतत चालू असतो आणि त्याचा आवाज माईकपर्यंत येत नाही, कारण तसं बांधकाम केलेलं असतं. घरी टेक घेताना एसी बंद करावा लागतो आणि तिसऱ्या टेकला बोटं घामाने घसरतात. गिटार केसमध्ये सिलिका जेल आणि आर्द्रतामापक ठेवून बंद ठेवा, वाजवायच्या फक्त अर्धा तास आधी बाहेर काढा.

आता कामाच्या बाजूने पाहा. साधं स्ट्रमिंग हवं असेल तर आजचा प्रोग्रामर ते कीबोर्डवरून सॅम्पल लायब्ररीतून (आधीच रेकॉर्ड केलेल्या स्वरांच्या संचातून) करतो आणि ते गाण्यात चालूनही जातं. माणसाला फोन जातो तो जिथे लायब्ररी पांगळी पडते तिथे: प्लकिंगमध्ये गायकाबरोबर श्वास घेणारा ठेका, दोन स्वरांमधली सरक, कडव्याच्या आधी मुद्दाम जरा मागे रेंगाळलेला आघात. यातलं बरंचसं अकूस्टिकवरचं काम असतं. म्हणजे घरी जे सहज जमतं ते जगात कोणीही घरी करून देऊ शकतो, आणि ज्यासाठी तुम्हालाच बोलावतात ते घरी नीट करणं सर्वांत अवघड असतं. ही अडचण लक्षात न घेता स्टुडिओत जाणं बंद करणाऱ्या दोन चांगल्या वादकांचं काम माझ्या डोळ्यांसमोर आटलं.

प्रवासाचं ओझं खरं आहे. ठाण्याहून फास्ट लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो एकने अंधेरी किंवा आझादनगर. २०१४मध्ये ही मेट्रो सुरू झाली आणि आमचे हाल निम्मे झाले, तरी सकाळी साडेआठच्या गर्दीत हार्डकेस घेऊन डब्यात शिरणं हा गिटारवर अन्याय आहे. ऐरोली-घणसोलीकर ट्रान्सहार्बरने ठाण्याला येऊन हाच रस्ता धरतात. बेलापूर-खारघरच्या मुलांना दोन्हीकडून लांब पडतं, त्यांनी जाण्यायेण्याचे चार तास धरूनच हिशेब करावा.

पण घरी ते चार तास वाचतात असं समजू नका. माझ्या एका साध्या गाण्याचं खरं वाजवणं तासाभराचं असतं. टेक निवडणं, जोडणं, प्रत्येक फाइल पहिल्या बारपासून काढणं, नावं देणं, पाठवणं यात आणखी दोन तास जातात. स्टुडिओत हे सगळं इंजिनिअर करतो. त्यात घरी "जरा वेगळं करून देता का?" हे थांबत नाही. दोन बदल फीमध्ये, तिसऱ्यापासून वेगळे पैसे, हे काम घेतानाच लिहून पाठवा. लिहिलेलं असणं हा घरच्या कामाचा मोठा फायदा आहे. स्टुडिओतलं काम अजूनही पुष्कळदा एका फोनवर ठरतं आणि पेमेंटच्या वेळी दाखवायला हातात काहीच नसतं. एकदा माझे चार गाण्यांचे पैसे असेच बुडाले.

स्टुडिओत जे मिळतं ते बिलात दिसत नाही. अरेंजर, म्हणजे गाण्याची वाद्यरचना करणारा, काचेपलीकडे बसलेला असतो, तुमचा हात ऐकतो, "हे दुसऱ्या इन्व्हर्जनने घे" (कॉर्डचे स्वर वेगळ्या क्रमाने लाव) म्हणतो आणि तुम्ही तिथल्या तिथे शिकता. बासरीवाले काका चहाच्या वेळी विचारतात, पुढच्या आठवड्यात मोकळा आहेस का. हे घरी बसून होत नाही. बाहेरच्या साइटवरून काम घेता येतं, पण फायव्हरसारखी साइट २० टक्के कापून घेते आणि तिथे तुम्हाला कोणी ओळखत नाही. अर्थात परदेशातल्या गिऱ्हाइकाची वेळ आपल्या रात्रीची असते आणि ठाण्यात शांतता रात्रीच असते, म्हणून ते काम मी सोडत नाही.

करांबाबत थोडक्यात. व्यावसायिक फीवर सहसा १० टक्के टीडीएस (आधीच कापलेला आयकर) वजा होऊन पैसे येतात, तो कापला असेल तर आयकराच्या साइटवर तुमच्या नावावर दिसतो का पाहा. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सेवांसाठी जीएसटी नोंदणी लागत नाही. सोप्या हिशेबाच्या करयोजनेत कोणते व्यवसाय बसतात त्या यादीत संगीतकार, गायक आहेत, वादक असं नाव घेऊन लिहिलेलं नाही. म्हणून सीएला विचारल्याशिवाय ती धरू नका.

माझा सल्ला असा. इलेक्ट्रिक घरी करा, पूर्ण मनाने करा. अकूस्टिकचे महत्त्वाचे टेक ठाण्यात किंवा वाशीत तासावर मिळणाऱ्या एखाद्या छोट्या स्टुडिओत घ्या. तीन तासांचं भाडं फीमध्ये धरलं की परवडतं आणि अंधेरी गाठावी लागत नाही. घरी अकूस्टिकचं डेमो काम, दुहेरी ट्रॅक, मागचा रिदम करत राहा. आणि आठवड्यातला एक दिवस अंधेरीसाठी राखून ठेवा, काम नसलं तरी जा, भेटून या. नुकतेच सुरू करणाऱ्यांनी हे प्रमाण उलटं धरावं. पहिली दोन वर्षं जास्त दिवस बाहेर, कमी दिवस घरी.

घर भाड्याने घेत असाल तर जागा पाहताना कान उघडे ठेवा. घोडबंदर रस्त्यालगत रात्री अवजड गाड्या वाढतात आणि त्यांची थरथर जमिनीतून माईकच्या स्टँडमध्ये चढते. पाचपाखाडीच्या आतल्या गल्ल्या किंवा नेरूळ-सानपाड्याचे आतले सेक्टर त्यापेक्षा बरे. सायन-पनवेल महामार्ग आणि रेल्वेरूळ यांच्यापासून लांब, वरचा मजला, आणि मुलांची खोली लिफ्टच्या भिंतीला लागलेली नको.

काहीही विकत घेण्याआधी एक काम करा. कोणाकडून तरी कंडेन्सर माईक आणि छोटा रेकॉर्डर दोन दिवसांसाठी आणा. सकाळी, दुपारी, रात्री दहाला आणि पहाटे दोनला खिडक्या बंद करून दहा-दहा मिनिटांची नुसती शांतता रेकॉर्ड करा आणि हेडफोनवर आवाज वाढवून ऐका. माझ्या घरात रात्री दीड ते साडेचार हीच शांत वेळ निघाली. त्यानंतर भाजीचे टेम्पो सुरू होतात. म्हणून माझं अकूस्टिकचं घरचं काम आठवड्यात दोन रात्री, या तीन तासांतच होतं, आणि त्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोणाला अंधेरीची वेळ देत नाही.