गहू बंद झाल्यावर उपमा-खिरीच्या जागी काय: राळा, वरई की राजगिरा?

घरात कुणाला सीलिॲक आजार (ग्लूटेन या गव्हातल्या प्रथिनाने आतड्याला इजा होते तो) निघाला आणि गहू बंद करावा लागला, तरी सातारा-सांगलीकडच्या ताटातली भाकरी जागेवर राहते. माण-खटावचा काय किंवा जत-आटपाडीचा काय, शाळूत, म्हणजे रब्बी ज्वारीत, ग्लूटेन नाही. बाजरीत नाही, तांदळातही नाही. पोकळी पडते ती रव्याचा उपमा, दलिया आणि खपलीची खीर यांच्या जागी. ती भरायला तीन जुनी धान्यं आहेत: राळा, वरई (म्हणजेच भगर) आणि राजगिरा. एकच आणायचं असेल तर राळा आणा, असं आमचं स्पष्ट मत आहे. वेळ कमी असेल किंवा खाणारं माणूस आजारातून उठलेलं असेल, तर वरई बरी. राजगिऱ्याकडून मात्र भाताची अपेक्षाच ठेवू नका.

आधी खपलीचं बोलू. ती जुनी आणि पचायला हलकी म्हणून नावाजलेली, त्यामुळे ‘खपली चालते की’ असं कुणीही सांगून जातं. चालत नाही. खपली हा गहूच आहे आणि तिच्यात ग्लूटेन आहे. सीलिॲक असलेल्या माणसाला तिची वाटीभर खीरही देऊ नये.

राळा आणि वरई दिसायला जवळची, पण पातेल्यात वेगळी वागतात. राळ्याचा दाणा जरा टणक. १ वाटी राळा अर्धा तास भिजवा, निथळा, चमचाभर तेलात किंवा तुपात दोन-तीन मिनिटं परता आणि सव्वादोन वाट्या उकळतं पाणी घाला. मीठ घालून झाकण ठेवा, मंद आचेवर साधारण १५ मिनिटं शिजू द्या. मग गॅस बंद करून १० मिनिटं झाकण उघडू नका. ही शेवटची १० मिनिटं बरेच जण गाळतात आणि मग दाणा वरून मऊ, आत कचकचीत लागतो. कुकरमध्ये पाणी दोन वाट्या आणि दोन शिट्ट्या पुरतात. शिजताना सारखं ढवळलं की दाणे फुटतात, पिठूळपणा पाण्यात उतरतो आणि भाताचा गोळा होतो. परतून घेण्याचं कारणही हेच: बाहेरचा थर आवळला जातो आणि दाणे सुटे राहतात.

वरईला भिजवण्याची गरज नाही. कोरडीच मंद आचेवर हलका खमंग वास येईपर्यंत भाजा, मग धुऊन शिजवा. मोकळी हवी तर एका वाटीला अडीच वाट्या पाणी, आसट हवी तर तीन. १०-१२ मिनिटांत होते. तिची खोड अशी की निवताना ती घट्ट होत जाते. गॅसवर बरोबर वाटलेली वरई ताटात येईपर्यंत वडीसारखी बसते. म्हणून थोडी सैल असतानाच उतरवा आणि पुन्हा गरम करताना उकळत्या पाण्याचा हबका मारा. कुकरपेक्षा तिला उघडं पातेलं मानवतं.

महाबळेश्वर-पाचगणीला राहणाऱ्यांनी दोन्हींना चार-पाच मिनिटं आणि पाव वाटी पाणी जास्त द्यावं. त्या उंचीवर पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं, त्यामुळे दाणा सावकाश शिजतो. कुकरमध्ये हा फरक जवळजवळ उरत नाही.

राजगिरा मुळात मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचा, आणि तो गवताच्या कुळातला नाही. एका वाटीला अडीच वाट्या पाणी, मंद आच, २०-२५ मिनिटं. इतकं करूनही तो मोकळा होत नाही. बाहेरून चिकट आणि दाताखाली बारीक कुरकुरणारा, असाच राहतो. दूध-गूळ घालून सकाळच्या खाण्याला तो उत्तम. आमटी ओतून मात्र खाववत नाही. कुकरमध्ये थेट शिजवू नका, फेसाबरोबर बारीक दाणे वर येऊन शिट्टीत अडकतात. त्याचं खरं काम लाह्यांचं. जाड कढई इतकी तापवा की पाण्याचा थेंब नाचत उडाला पाहिजे. मग एका वेळी एकच मोठा चमचा राजगिरा टाका आणि फडक्याच्या बोळ्याने फिरवत राहा. १०-१५ सेकंदांत लाह्या होतात. कढई कमी तापली तर दाण्यातली ओल हळूहळू निघून जाते, तो न फुटता तांबूस होतो आणि कडवट लागतो.

पदार्थ बघून ठरवायचं तर कटाची आमटी, पिठलं, ताक यांच्याखाली राळाच हवा. पातळ पदार्थ त्यावर ओतला तरी दाणा दाणा राहतो. भोगीला आपल्याकडे राळ्याचा भात होतोच, तो एका दिवसापुरता का ठेवायचा? उपमाही राळ्याचाच छान होतो, फक्त फोडणीच्या हिंगाची डबी वाचून घ्या, कारण डबीतल्या हिंगात बहुधा मैदा किंवा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. दाण्याची आमटी किंवा दही असेल तर वरई.

खपलीच्या खिरीची जागा पूर्ण कशानेच भरत नाही, तो चिवट चावा गव्हाचाच. सर्वांत जवळ जातो तो राळा. १ वाटी राळा तासभर भिजवून साडेतीन वाट्या पाण्यात पूर्ण मऊ शिजवा, मगच पाऊण ते एक वाटी गूळ घाला. गूळ आधी पडला तर दाणा पुढे मऊ होत नाही. नारळाचं दूध, वेलची, जायफळ घाला. गाईम्हशीचं दूध घालायचं तर खीर कोमट झाल्यावर घाला, नाहीतर गुळाने फाटतं.

निवडण्याचे कष्ट सगळ्यांत जास्त राळ्याला. त्यात खडे आणि न सोललेले दाणे राहतात, म्हणून ताटात पसरून निवडा, मग दोन भांड्यांत पाणी घेऊन रोळून घ्या, खडे तळाशी बसतात. राजगिरा साध्या गाळणीतून निसटतो, तो सुती फडक्यात धुवा. वरई किराणा दुकानात कुठेही मिळते, चांगला सोललेला राळा शोधावा लागतो.

धान्य गिरणीवर दळायचं असेल तर गव्हानंतर लगेच दळू नका, जात्यात अडकलेला गहू पिठात येतो. घरच्या मिक्सरवर थोडं थोडं दळलेलं सुरक्षित. आणि वरई-भगर सुटी, ओलसर किंवा जुनाट वासाची कधीच घेऊ नका. दमटपणात तिच्यावर ॲस्परजिलस बुरशी वाढते आणि अशा भगरीने उपवासाच्या दिवशी विषबाधा झाल्याच्या घटना महाराष्ट्रात घडल्या आहेत. धुऊन किंवा भाजून ते विष निघून जाईल अशी खात्री धरता येत नाही. महिन्यापुरतीच आणा, घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवा, आणि तिचं पीठ आयतं न घेता लागेल तेवढंच घरी करा.