वावराचे फोटो जुळवताना: ओपनसीव्ही की सिंपलआयटीके?

पऱ्हाटीवरून ड्रोन फिरवला की लाल पट्ट्याचा (फक्त लाल प्रकाश टिपणारा) एक आणि निअर-इन्फ्रारेडचा (डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचा) एक, असे दोन फोटो हाती येतात. दोन्हींची भिंगं वेगळी, त्यामुळे ते एकमेकांवर नीट बसत नाहीत. न बसवता एनडीव्हीआय (या दोन फोटोंवरून काढायचा हिरवेपणाचा आकडा) काढला तर पिकाच्या कडांवर चुकीचे आकडे येतात. यवतमाळकडच्या आमच्या कामात फोटो जुळवायला दोन फुकट सॉफ्टवेअर वापरतो: ओपनसीव्ही, त्यातली ईसीसी नावाची जुळवणीची सोय, आणि सिंपलआयटीके. लाल-इन्फ्रारेड जुळवायचं असेल तर मी सिंपलआयटीके घेईन. एकाच पट्ट्याचे फोटो असतील तर ईसीसी पुरे, झटपट होतं.

कारण ईसीसी चालतं सहसंबंधावर, म्हणजे एका फोटोत उजळ ते दुसऱ्यातही उजळ, हे धरून. उजेड कमी-जास्त झाला तर ते सांभाळून घेतं, पण लालमध्ये काळपट दिसणारं पान इन्फ्रारेडमध्ये पांढरं चमकतं, तिथे ते गडबडतं. मग ‘अल्गोरिदम जुळण्याआधीच थांबला’ अशी एरर फेकतं. घाबरू नका, आणि फेऱ्याही (थोडं सरकवून पुन्हा जुळवून बघण्याच्या) वाढवत बसू नका. आधी दोन्ही फोटोंच्या कडा काढून त्या जुळवा, बऱ्याचदा तेवढ्यानं भागतं. खरा धोका उलटा आहे: ठरलेल्या ५० फेऱ्या संपल्या तरी ईसीसी चकार शब्द न काढता उत्तर देतं. जुळलं की फेऱ्या संपल्या, हे सांगत नाही.

सिंपलआयटीके विचारलं तर सांगतं. मॅटेसची म्युच्युअल इन्फॉर्मेशन (एका फोटोवरून दुसऱ्याचा किती अंदाज येतो, याचं माप) लावली की पानाचा रंग उलटा असला तरी चालतं. थांबण्याचं कारण छापून घ्यायची सवय लावा. ‘कमाल फेऱ्या संपल्या’ आलं तर फेरीगणिक जुळणीचा आकडा दाखवणारा आलेख काढून बघा: रेघ अजून उतरत असेल तर फेऱ्या वाढवा, वरखाली नाचत असेल तर पाऊल (एका फेरीत किती सरकवायचं ते) लहान करा. ‘पाऊल फार लहान झालं’ हे मात्र बहुधा ठीक असतं. पण पहिल्याच दोन-चार फेऱ्यांत आलं तर मोजपट्टी तपासा. ०.०१ रेडियन फिरवलं की हजार पिक्सेलवरचा कोपरा दहा पिक्सेल सरकतो, आणि आडवं ०.०१ सरकवलं तर काहीच हलत नाही. दोघांना एकाच मापानं मोजलं की गाडी अडलीच. फिजिकल शिफ्टवरून (फोटो प्रत्यक्षात किती हलतो त्यावरून) स्केल काढायची सोय त्यातच आहे, ती लावा.

इतकं करूनही एकदा फसलो. पंधरा दिवसांच्या अंतरानं घेतलेले दोन फोटो, संदेश ‘जुळलं’ असा, आकडाही झकास. एकावर एक ठेवून पाहिलं तर धुऱ्यावरची एक बाभूळ दोन दिसत होती! पऱ्हाटीची तासं (ओळी) सगळी सारखीच, त्यामुळे फोटो बरोब्बर एक तास बाजूला जाऊन बसला होता. आता आधी फोटो आठ पट लहान आणि धूसर करून जुळवतो. त्यात तासं मिटतात, धुरा, विहीर आणि झाडं तेवढी उरतात. मग चार पट, मग मूळ मापात.