ठिपक्यांचं मांजर हवंय: बेंगाल, सॅव्हाना, ऑसिकॅट की गावठी?

अंगावर बिबट्याचे ठसे आणि स्वभाव घरच्या मनीचा, असं मांजर शोधत असाल तर आधी पिढी विचारा, रंग नंतर. रानातल्या पूर्वजापासून पिल्लू कितव्या पिढीतलं, यावर त्याचं वागणं आणि कायद्यातली जागा ठरते. फोटोत यातलं काहीच दिसत नाही.

बेंगाल आणि त्याचा रानातला पूर्वज

बेंगालचा पूर्वज म्हणजे आशियातलं बिबट्या-मांजर. ते आपल्या सह्याद्रीतही आहे. आपल्याकडे वाघाटी म्हणतात ते यालाही आणि याच्याहून लहान, गंजरंगी ठिपक्यांच्या मांजरालाही. अमेरिकेत जीन मिल यांनी 1963 साली आपला पहिला संकर केला आणि 1980 च्या दशकात ही जात नेटाने उभी केली. बेंगालच्या केसांवरची सोनेरी चमक मात्र रानातून आलेली नाही. दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात सापडलेला एक बेवारस बोका मिल यांनी अमेरिकेला नेला, ती त्याची देणगी.

दुसराही गैरसमज काढून टाका. कडेला गडद, आत फिका असा मोठा गोल ठसा ही माणसाने निवडून वाढवलेली गोष्ट आहे. बिबट्या-मांजराचे ठिपके बहुतेक लहान आणि भरीव असतात. म्हणजे ज्या ठशांवर जीव जडलाय ते घरच्या जातीतच जास्त उठावदार मिळतात.

पिढ्यांचा हिशेब सोपा आहे. पहिल्या पिढीत निम्मं रानटी रक्त, दुसरीत सरासरी पाव, तिसरीत साडेबारा टक्के, चौथीत सव्वासहा. पहिल्या पिढ्यांतले बोके वांझ असतात. पण वांझ म्हणजे खच्ची नव्हे. संप्रेरकं शाबूत असतात, त्यामुळे भिंतीवर फवारे मारायचे ते मारतातच. घरी पाळायला चौथ्या पिढीच्या पुढचंच पिल्लू घ्यावं.

तेही शांत बसणारं नाही. अंग साधारण साडेतीन ते सात किलो, पण उड्या कपाटाच्या माथ्यापर्यंत. नळ सुरू झाला की हे हजर. कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी दातांनी तुटते. बाल्कनीला वेल्डमेश, म्हणजे तारांची पक्की जोडलेली धातूची जाळी, लावा आणि भोक दीड इंचाहून मोठं ठेवू नका. छताला भिडणारा खांब आणि दिवसातून दोनदा दमवणारा खेळ हवा. घरातली सगळी माणसं दहा-दहा तास बाहेर असतील तर बेंगाल आणू नका. कंटाळलेलं बेंगाल पडदे फाडतं आणि रात्रभर ओरडतं.

सॅव्हाना आणि सर्व्हल

सर्व्हल हे आफ्रिकेतलं लांब पायांचं मांजर, वजन 8 ते 18 किलो. 1986 साली अमेरिकेत सर्व्हल बोका आणि सयामी मांजरी यांच्यापासून पहिलं सॅव्हाना पिल्लू झालं. सर्व्हलचा गर्भकाळ सुमारे 74 दिवस, घरच्या मांजरीचा 63 ते 65. त्यामुळे पहिल्या पिढीतली पिल्लं अनेकदा दिवस भरण्याआधी जन्मतात आणि जगवायला अवघड जातात. किमती चढतात त्या यामुळेही.

सर्व्हल घरात ठेवण्याचा विचार सोडाच. नसबंदीनंतरही ते हद्दीवर मूत्र फवारतं. नुसतं बिनहाडाचं चिकन घातलं तर कॅल्शियम कमी पडून वाढत्या पिल्लाची हाडं वाकतात. परदेशातल्यांनीही स्थानिक नियम पाहावेत: ब्रिटनमध्ये पहिल्या पिढीच्या संकराला धोकादायक वन्यप्राण्यांचा परवाना लागतो, ऑस्ट्रेलियाने 2008 साली सॅव्हानाची आयातच रोखली. सायटीस या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारात अलीकडच्या चार पिढ्यांतला संकर रानटी प्राण्यांच्या नियमांखाली येतो आणि आपल्या वन्यजीव कायद्यात 2022 च्या दुरुस्तीने सायटीसमधल्या प्राण्यांसाठी वेगळी अनुसूची आली आहे. वंशावळीचा कागद नसेल तर ‘पाचवी पिढी’ हे नुसते बोल.

रानटी रक्ताशिवाय ठिपके

ऑसिकॅट नावाने आणि रूपाने अमेरिकेतल्या ऑसेलॉटसारखं, रक्ताने मात्र पूर्ण घरगुती. 1964 साली मिशिगनमध्ये सयामी आणि ॲबिसिनियन यांच्या संकरातून अचानक ठिपकेदार पिल्लू झालं, तिथून ही जात. खऱ्या ऑसेलॉटची गुणसूत्रं 36, घरच्या मांजराची 38. ऑसिकॅट माणसाळू आणि बेंगालपेक्षा सांभाळायला सोपं. भारतात सहज मिळत नाही, ही खरी अडचण.

वाघासारख्या पट्ट्यांचं टॉयगर घडवताना जूडी सग्डेन यांनी काश्मीरमधलं रस्त्यावरचं मांजर वापरलं, कारण त्याच्या दोन कानांमध्ये ठिपके होते. आमचं मत सरळ आहे: पहिल्यांदाच मांजर पाळणाऱ्याने गल्लीतलं ठिपकेदार गावठी पिल्लू शोधावं. दिसायला उणं नाही, आणि वाचलेल्या पैशांत नसबंदी, लसी, जाळी सगळं होतं.

तरीही बेंगालच घ्यायचं असेल तर

आई-बापांच्या जनुकीय चाचण्यांचे अहवाल मागा. पीके-डेफ या आजारात तांबड्या पेशी लवकर मोडतात. पीआरए-बी मध्ये दृष्टी पिल्लूपणीच जाऊ लागते. दोन्हीत दोषी जनुक दोन्हीकडून आला तरच आजार होतो, म्हणून एकाच पालकाचा अहवाल निर्दोष असला तरी पिल्लू यांतून वाचतं. हृदयाचा स्नायू जाड होण्याच्या आजाराचं तसं नाही; त्यासाठी आई-बापांची हृदयाची सोनोग्राफी वेळोवेळी झालेली हवी.

पिल्लू पाहायला जाल तेव्हा ठसे धुरकट दिसतील. चौथ्या आठवड्याच्या सुमारास अंगावर लांब, करडे केस येतात आणि तीन-चार महिन्यांपर्यंत राहतात. हा दोष नव्हे; बापाचे ठसे पाहा. बारा आठवड्यांआधी पिल्लू आईपासून तोडू नका.

‘स्वस्तात बेंगाल, कागद नाहीत’ असं कुणी सांगितलं तर शेपूट आणि कपाळ बघा. शेपटीवर ठसठशीत कडी नाहीत, डोळ्यांच्या आतल्या कडेने कपाळावर पांढऱ्या रेघा, हाताच्या ओंजळीत मावणारं अंग: ही गंजठिपक्यांची वाघाटी असू शकते. पूर्ण वाढूनही ती दीड किलोच्या आसपासच भरते. ऊसतोडीत जुन्नर-आंबेगावकडे तिची पिल्लं फडात सापडतात. ती वन्यजीव कायद्याच्या अनुसूची एकमध्ये आहे. बाळगणं गुन्हा, शिक्षा तीन ते सात वर्षं कैद. दूध पाजू नका, घरी नेऊ नका. वनविभागाच्या 1926 क्रमांकावर कळवा. पिल्लं हवा जाईल अशा खोक्यात त्याच जागी ठेवतात, माणसं लांब जातात, आणि अंधार पडल्यावर आई येऊन एकेक उचलून नेते.