स्ट्रीटकम्प्लीट : पायी चालणाऱ्यांनी फोनमध्ये ठेवावंच असं ॲप

रस्त्याचं प्लॅनिंग करताना गाड्या मोजतात, चालणारी माणसं क्वचितच, आणि मग सूचना-हरकती मागवल्या जातात तेव्हा आपल्याकडे दाखवायला काहीच नसतं. म्हणून हे ॲप मला मनापासून आवडलं. अँड्रॉइडवर फुकट, जाहिराती नाहीत.

करायचं एवढंच की चालता चालता नकाशावर दिसणाऱ्या छोट्या प्रश्नांची उत्तरं द्यायची, म्हणजे फुटपाथ एकाच बाजूला आहे की दोन्हीकडे, रात्री दिवे असतात का, क्रॉसिंगला दृष्टिहीनांसाठी उठावाच्या लाद्या आहेत का, फुटपाथची कड उतरती आहे की उंच. हा कडेचा प्रश्न सगळ्यात मोलाचा, कारण व्हीलचेअर असो की बाबागाडी, अडते ती नेमकी तिथेच! ही उत्तरं २००४ पासून चालू असलेल्या ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच मिळून बनवलेल्या जगाच्या नकाशावर जातात (तिथलं अकाउंट लागतं) आणि तो डेटा खुला असतो, नगररचनावाले, संस्था, कुणीही वापरू शकतं.

पण हे तक्रारीचं ॲप नाही हां. जे आहे तेच भरायचं, काय हवंय ते नाही. त्यामुळे सूचना-हरकतींच्या बैठकीला जाऊन बोलावं लागतंच, फक्त आता नकाशा समोर ठेवून बोलता येतं, आणि त्याने खूप फरक पडतो असं माझं ठाम मत आहे.

जमलं तर घरातल्या ज्येष्ठांना सोबत घेऊन भरा, कुठली पायरी उंच आहे ते त्यांना आपल्याआधी कळतं.